दंगलीआधीची यादी

संपादक महोदय,

परदेशातल्या वांशिक संघर्षाची बातमी आली की तिच्यात ‘शतकानुशतकांचे वैर’ हे शब्द हमखास असतात. आपल्या अंकातही ते परवा वाचले आणि राहवले नाही. तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. रवांडाचा विषय निघाला की वर्गात हेच शब्द मीही वापरत असे. त्याची आज खंत वाटते.

आफ्रिकेतल्या रवांडातले हुतू आणि तुत्सी हे दोन गट एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा. एकाच डोंगरउतारावर त्यांची घरे, आपसांत लग्ने, कुळेसुद्धा सामाईक. पूर्वी गुरेढोरे वाढली किंवा गेली, तर माणूस या गटातून त्या गटात सरकूही शकत असे. १९३०च्या दशकात बेल्जियन राजवटीने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर गट नोंदवला आणि ती वाट जवळजवळ बंद झाली. एप्रिल १९९४ मध्ये तुत्सींची कत्तल सुरू झाली, तेव्हा हुतू मारेकरी नाक्यानाक्यावर तोच कागद मागत होते. ‘तुत्सी’ लिहिलेले दिसले की संपले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली. त्यांत या कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते.

श्रीलंकेत जुलै १९८३च्या तमिळविरोधी दंगलीत कोलंबोत जमावाच्या हाती मतदार याद्या होत्या. सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणाऱ्या १९५६च्या ‘फक्त सिंहली’ कायद्यापासून मने कलुषित होत आली होती हे खरेच. पण रांगेतले नेमके कोणते घर तमिळांचे, हे यादीने दाखवले. असल्या हिंसेला आपण ‘उद्रेक’ म्हणतो, तेव्हा ती यादी पुरवणारा हात नामानिराळा राहतो.

याद्याच नकोत, असे मी म्हणत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९८९च्या कायद्याने कंपन्यांना कॅथलिक किती, प्रोटेस्टंट किती याची नोंद ठेवायला लावली, म्हणून नोकरीतला भेदभाव उघड करता आला. मोजलेच नाही तर अन्याय दाखवणार कसा?

२००१च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. एका बाईंना मातृभाषा विचारली. त्या म्हणाल्या, “आई एक बोलायची, पण मला वाढवलं आजीनं, तिच्या भाषेत. दोन्ही लिहा ना.” मातृभाषेला रकाना एकच. सूचनेप्रमाणे मी आईची भाषा लिहिली, आजीची ‘इतर भाषां’त टाकली आणि पुढच्या दारी गेलो. त्यांचा चेहरा मात्र लक्षात राहिला.

युगोस्लाव्हियात १९८१च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकांनी स्वतःला सर्ब, क्रोएट वगैरे न म्हणता ‘युगोस्लाव्ह’ म्हणवले. त्यांत मिश्र विवाहांची मुले पुष्कळ. युद्ध आले आणि त्यांना बाजूच उरली नाही. युगोस्लाव्हियातून फुटलेल्या बोस्नियातले युद्ध संपवणाऱ्या १९९५च्या डेटन करारातून आलेल्या तिथल्या घटनेत अध्यक्षमंडळाच्या जागा तीन: बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), सर्ब, क्रोएट. इतरांना तिथे उभेच राहता येत नाही. एक रोमा (युरोपातल्या एका अल्पसंख्य समाजाचा) आणि एक ज्यू नागरिक याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. घटना अजून बदललेली नाही.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी अशी बातमी छापण्याआधी बातमीदाराला एवढे जरूर विचारा: यादी कोणत्या कार्यालयातली होती, आणि ती रस्त्यावर कोणी आणली?

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक