आधी फोन, मग बँकेची पायरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापसाचे चुकारे खात्यात जमा होण्याच्या दिवसांत आमच्या गावातील एका शेजाऱ्यांना व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाइल आली. दोन हजारांचा हप्ता अडकला असावा, या समजुतीने त्यांनी ती उघडली आणि शनिवारी सायंकाळी तीन वेळा मिळून चुकाऱ्याची बहुतेक रक्कम गेली. रविवारी बँक बंद होती. सोमवारी बँकेने पोलीस ठाण्याकडे आणि ठाण्याने हद्दीचे कारण देत जिल्ह्याच्या गावाकडे बोट दाखवले. मधल्या काळात एका जावयाने, अर्थात भल्यासाठीच, मोबाईल फॉरमॅट करून दिला आणि पैसे कापल्याचे संदेश, त्यांतील बारा आकडी यूटीआर (व्यवहार ओळखण्याच्या) क्रमांकांसह, पुसले गेले.

या दोन दिवसांत कुणीही १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक लावला नाही, कारण तो कुणाला ठाऊकच नव्हता. असे पैसे भामटे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवून शेवटी एटीएममधून काढतात. १९३० वर नोंद होताच संबंधित बँकांना कळवले जाते आणि त्या वेळी एखाद्या खात्यात जी रक्कम उरली असेल, ती तिथेच गोठवता येते. म्हणून आधी मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, घरातील दुसऱ्या फोनवरून १९३० लावावा, बँकेच्या हेल्पलाइनवरून खात्यातील व्यवहार बंद करवावेत आणि दोन्हीकडून तक्रार क्रमांक घ्यावा. हा क्रमांक जपून ठेवावा, कारण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते.

हद्दीचे कारणही आता चालू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घोषणा पुष्कळ रंगवल्या जातात. त्यांत १९३० हे चार आकडे मात्र आमच्याकडे कुठेच दिसत नाहीत. ते तिथे रंगवावेत, आणि जिनिंगवर कापूस मोजल्यावर हाती पडणाऱ्या काटा पावतीच्या मागेही छापावेत, अशी जिल्हा प्रशासनाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ