गहू सोडण्याआधी एक रक्ततपासणी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत गहू सोडल्याने प्रकृती कशी पालटली हे सांगणारा एका वाचक भगिनींचा अनुभव वाचला. त्यांच्या सांगण्यात अतिशयोक्ती आहे असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण सहा वर्षांपूर्वी मीही गहू सोडला आणि माझ्या अंगात जो फरक पडला तो माझ्या घरच्यांनाही खरा वाटेना. तरीही तो मजकूर वाचून मी अस्वस्थ झाले. गहू ताटातून काढण्याआधी सीलिॲक नावाच्या आजारासाठी एक साधी रक्ततपासणी करून घ्यायची असते आणि गहू सोडल्यावर त्या तपासणीवर विसंबता येत नाही, ही गोष्ट त्या संपूर्ण पानात कोठेही आलेली नव्हती.

माझी हकीकत सांगते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापासून माझे हिमोग्लोबिन आठच्या आसपास असे. लोहाच्या गोळ्या चालू केल्या की थोडे चढे, बंद केल्या की पुन्हा खाली येई. पोट फुगणे, दिवसातून तीनचार वेळा जावे लागणे, तोंडात सतत फोड आणि जिना चढताना लागणारी धाप या सगळ्यांवर निरनिराळ्या दवाखान्यांत मिळून एकच उत्तर मिळे, की बायकांचे या वयात असे होतेच. मलाही ते पटले होते, आणि त्याचा मला आज अधिक राग येतो. पुढे पाळी थांबली, दोन वर्षे उलटली, तरी आकडा ७.४ वर आला, तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी कागद चाळता चाळता विचारले, “काकू, पाळी थांबून दोन वर्षे झाली, मग लोह जाते कुठे?” हा प्रश्न आधी कोणालाच पडला नव्हता.

त्यांनी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या शरीरातल्याच घटकाविरुद्धच्या आयजीए प्रकारच्या प्रतिद्रव्यांची (अँटिबॉडींची) तपासणी लिहून दिली, आणि सोबत रक्तातील एकूण आयजीए किती आहे तेही पाहायला सांगितले, कारण काही माणसांत मुळात आयजीएच कमी असते आणि मग अहवाल खोटाच निर्दोष येतो. माझा आकडा मर्यादेच्या दहा पटींहून अधिक निघाला. त्यानंतर दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील चार-पाच तुकडे काढून तपासले आणि निदान पक्के झाले, ते सीलिॲक आजाराचे. या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे जे सूक्ष्म अंकुर असतात ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. लोह मुख्यतः आतड्याच्या याच पहिल्या भागात शोषले जाते, म्हणून माझ्या गोळ्या पोटात जात होत्या, पण त्यांतले लोह रक्तापर्यंत फारसे पोहोचत नव्हते.

पथ्य सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात पोट शांत झाले आणि दीड-दोन महिन्यांत तोंडातले फोड गेले ते परत आले नाहीत. हिमोग्लोबिन मात्र सावकाश वाढले, नवव्या महिन्यात ते १२ ला टेकले. वजन ४१ किलोवरून ४९ वर गेले. (गहू सोडला की माणूस बारीक होतो असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी, माझे तर अंग भरले.) दूध पहिले काही महिने सोसत नव्हते, कारण दुधातली साखर पचवणारे द्रव्यही त्याच अंकुरांच्या टोकांशी तयार होते. अंकुर सावरल्यावर सहा-सात महिन्यांनी माझा सकाळचा चहा पुन्हा दुधाचा झाला आणि त्या दिवशी मला बरे वाटले ते हिमोग्लोबिनच्या अहवालापेक्षाही अधिक. प्रतिद्रव्यांचा आकडा मर्यादेत यायला सव्वा वर्ष लागले. कण्याच्या हाडांची घनता (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणाऱ्या टी-स्कोअरने) उणे २.९ होती, ती कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या जोडीने दोन वर्षांत उणे २.४ पर्यंत आली. त्यापुढे ती फारशी हललेली नाही. जी वर्षे निदानावाचून गेली त्यांची किंमत हाडांनी दिली आहे आणि ती सगळी परत मिळणार नाही हे मी स्वीकारले आहे.

सगळेच बदल चांगले झाले असेही नाही. पहिल्या वर्षी मी ‘ग्लूटेन-मुक्त’ लिहिलेली बिस्किटे आणि पाव महागाने आणून खाल्ले. त्यांत बहुतेक मक्याचे किंवा बटाट्याचे स्टार्च, साखर आणि चरबीच असे. त्यामुळे बद्धकोष्ठाचा त्रास सुरू झाला आणि कोलेस्टेरॉल वाढले. ते पुडे बंद करून ज्वारी, बाजरी, नाचणी आणि मक्याच्या भाकरीवर आले तेव्हा गाडी रुळावर आली. खरे तर मालव्यात जुन्या पिढीचे रोजचे अन्न ज्वारी आणि मका हेच होते. कूपनलिका आल्या, सोयाबीनमागोमाग गहू घेण्याची पद्धत पडली आणि भाकरी मागे सरली. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही मालव्याची ओळख सांगणारी ओळ आपण अभिमानाने म्हणतो, पण त्यातली ‘रोटी’ गव्हाचीच असली पाहिजे असे कोणी सांगितलेले नाही.

इंदूरमध्ये राहून हे पथ्य पाळणे कसे असते तेही सांगायला हवे, कारण ‘गहू सोडला’ हे दोन शब्द लिहायला फार सोपे आहेत. पोहे चालतात, जिलबी चालत नाही, आणि वरची सेव कचोरीच्याच तेलात तळली आहे का ते विचारावे लागते. भुट्ट्याचा कीस चालतो, पण त्यात पडलेल्या हिंगाची चौकशी करावी लागते, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटातही मूठभर असतो, हे कित्येक सुगरणींच्याही लक्षात येत नाही. दाल-बाफल्यांच्या (बाफले म्हणजे गव्हाच्या पिठाचे उकडून भाजलेले गोळे) पंगतीत मी डाळ-भात खाऊन उठते. सर्वांत अवघड जागा म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद. रव्याचा शिरा हातावर ठेवणाऱ्या वहिनींना ‘नको’ म्हणताना जो संकोच होतो तो कोणत्याही डॉक्टरांना समजावून सांगता येत नाही. आमच्या नात्यात आता निदान दोन घरी तांदळाच्या रव्याचा शिरा करतात आणि देव अजून रागावलेला दिसत नाही. उपासाचे दिवस मात्र माझे सणाचे असतात, कारण भगर, राजगिरा, शिंगाडा आणि साबूदाणा यांतले काहीच मला वर्ज्य नाही.

खरी कसोटी चक्कीवर लागते. मी ज्वारी निवडून चक्कीवर नेत असे आणि सहा महिने झाले तरी प्रतिद्रव्यांचा आकडा हवा तसा उतरत नव्हता. चूक कुठे आहे हे कळेना. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले, की ज्वारीच्या आधी त्या चक्कीत काय दळले जाते. अर्थातच गहू! पाट्यांत आणि नळीत अडकलेले गव्हाचे पीठ माझ्या ज्वारीत पहिल्या घासापासून येत होते. एका पोळीत साधारण तीन ग्रॅम ग्लूटेन असते असे धरले, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा साठावा हिस्सा होतो. आणि रोज तेवढे पोटात गेले तरी काही महिन्यांत या आजाराच्या रुग्णाचे आतडे पुन्हा बिघडू शकते हे संशोधनातून दिसून आले आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘ग्लूटेन-मुक्त’ मालासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा ठेवली आहे, ती याच कारणाने. मी घरघंटी घेतली आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. रविवारच्या मजकुरातील भगिनी ‘कधीतरी लग्नकार्यात एखादी पुरी’ खातात असे लिहितात. त्यांना सीलिॲक नसेल तर खुशाल खावी, पण असेल तर ती पुरी त्यांना परवडणारी नाही. आणि यांतले नेमके काय आहे हे त्यांना आज ठाऊक नाही, कारण त्यांनी तपासणी केलेलीच नाही.

तपासणीविषयी माझा एवढा आग्रह का, त्याचे कारण आमच्याच गल्लीत आहे. माझा पालट पाहून शेजारच्या एका वहिनींनी गहू सोडला. त्यांनाही हलके वाटू लागले. चार महिन्यांनी त्यांनी रक्त तपासले, अहवाल निर्दोष आला, आणि त्या निर्दोष अहवालाचा अर्थ लावणे कोणालाच शक्य नव्हते, कारण ग्लूटेन बंद झाले की प्रतिद्रव्ये आपोआप उतरतात आणि आतडेही सावरू लागते. डॉक्टरांनी सांगितले की खात्री करायची तर काही आठवडे रोज पोळी खाऊन पुन्हा या. ते त्यांच्याने झाले नाही. आता त्यांच्या मुलांची तपासणी करावी की नाही हा प्रश्न अधांतरी आहे. माझ्या बाबतीत तो प्रश्न सरळ सुटला. आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार निघण्याची शक्यता साधारण दहांत एक असते, म्हणून आम्ही सर्वांनी रक्त दिले आणि पोटाची कधीही तक्रार न केलेल्या माझ्या धाकट्या भावाला तो निघाला.

गहू सोडून ज्यांना बरे वाटते त्या सर्वांना सीलिॲक असतो असे नाही, तसेच त्यांना वाटणारे बरे खोटे असते असेही नाही. गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टन नावाची कर्बोदके असतात आणि ती आतड्यात आंबून वायू करतात. नॉर्वेमध्ये ५९ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ग्लूटेन सोसत नाही असे मानणाऱ्या मंडळींना प्रत्यक्षात ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टननेच अधिक त्रास झाला. फ्रुक्टन कांद्यात आणि लसणातही भरपूर असते. कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन आषाढी एकादशीपासून चातुर्मास पाळणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना श्रावणात पोट हलके का वाटत असे, याचे एक कारण कदाचित इथेही सापडेल. ज्याला त्रास फक्त फ्रुक्टनचा आहे अशा माणसाने जन्मभर पंगतीतून उठून जाण्याचे कारण नाही.

अलीकडे आणखी एक समज पसरतो आहे, तो म्हणजे खपली किंवा आपला मालवी कठिया गहू जुना आणि देशी असल्यामुळे ‘चालतो’. खपलीचे इतर गुण मला मान्य आहेत आणि कठिया गव्हाच्या बाफल्यांची चव मी विसरलेले नाही, परंतु या दोन्हींत ग्लूटेन आहे आणि सीलिॲकच्या रुग्णाला ते तितकेच घातक आहे. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय १९३० च्या दशकातच आला होता, आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा तो संशय बळावला. १९५० मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. म्हणजे अपराधी कोण हे पाऊण शतकापूर्वीच कळलेले आहे, आणि तरीही मालव्यासारख्या गव्हाच्या मुलखात पांढरीफटक पडलेली बाई वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या गिळत राहते.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, या तपासणीचे नाव छापावे आणि ती गहू चालू असतानाच करायची असते हेही लिहावे. ज्यांनी गेल्या आठवड्यातच गहू सोडला असेल त्यांना अजून उशीर झालेला नाही, मात्र त्यांनी या आठवड्यातच डॉक्टरांना गाठावे.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
इंदूर