घाट हलका करून देणाऱ्या सायकल मेकॅनिक काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

सिंहगड, पसरणी, वरंध असे घाट चढणाऱ्या आम्हा रोडबाइकवाल्यांचं हे आभाराचं पत्र. हलका गिअर हवा म्हणून कुणी आलं की तुम्ही कॅसेटचं, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचं, खोकं पुढे करत नाही, आधी दाते मोजायला लावता. आमच्यातल्या अनेकांचे पैसे आणि गुडघे त्या मोजणीने वाचलेत.

पुढच्या चक्राला ३४ दाते, मागच्याला २८ असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५६ मीटर जाते. मागे ३४ बसवली की एकास एक, म्हणजे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे धरले तर पहिल्या गिअरमध्ये ताशी ९.२ किमी वेग राखावाच लागतो, दुसऱ्यात ७.६ पुरतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, चढ ८ टक्के, वारा नाही असं धरलं, तर पहिल्याला १८० वॅट लागतात आणि दुसऱ्याला १५०. ज्याला लोक दम कमी पडणं म्हणतात, ते बहुतेक वेळा या तीस वॅटांत असतं. हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत, त्याबद्दल आधी आभार.

मग डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. शिमानो कंपनीच्या १०५ आर७००० या डिरेलरमध्ये एसएस म्हणजे आखूड पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) अधिकृतपणे ३० दात्यांपर्यंतच जातो, जीएस म्हणजे लांब पिंजरा ३४ पर्यंत. पुढचा फरक (५० उणे ३४) १६, मागचा (३४ उणे ११) २३, बेरीज ३९. जीएसची क्षमता, म्हणजे दात्यांचा जितका एकूण फरक तो सांभाळतो, बरोबर ३९, एसएसची ३५. म्हणून ११-३४ (सर्वात लहान चक्र ११ दात्यांचं, सर्वात मोठं ३४ चं) कॅसेट हवी तर डिरेलरही बदलायचा, आणि हे कॅसेट विकत घेण्याआधी कळायला हवं. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) ११ स्पीड डिरेलर स्वस्त मिळाला म्हणून आणणाऱ्यांनाही तुम्ही परत पाठवता, कारण रोड शिफ्टर ओढतो तितक्या केबलला तो वेगळं अंतर सरकतो आणि गिअर कधीच जागेवर बसत नाहीत.

सगळ्यात जास्त आभार मात्र १.८५ मिलिमीटरच्या एका चकतीसाठी. शिमानोच्या एचजी८०० ची ११-३४ कॅसेट दहा स्पीडच्या रुंदीची आहे. ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) ती चकती आधी सरकवली नाही, तर लॉकरिंग, म्हणजे कॅसेट धरून ठेवणारी रिंग, ४० न्यूटन-मीटरने आवळूनही कॅसेट खुळखुळत राहते. लोक महिनाभर इंडेक्सिंगशी (गिअर जागेवर बसवण्याच्या जुळवणीशी) झटत बसतात आणि चकती खोक्यासोबत कचऱ्यात गेलेली असते.

चेन जुन्याच मापाची ठेवणं ही त्याहून धोक्याची चूक. मोठी चेनरिंग (पुढचं चक्र) आणि मोठा स्प्रॉकेट (मागचं चक्र) यांवरून चेन डिरेलरमधून न नेता गुंडाळायची, टोकं जुळतात तिथे आणखी दोन कड्या सोडायच्या, एक आतली आणि एक बाहेरची. चेन आखूड राहिली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटतो, डिरेलर स्पोकमध्ये जातो. घाटाच्या मध्यावर हे झालं तर सायकल ढकलतच न्यायची. छोट्यावर छोटा टाकल्यावर चेन थोडी लोंबली तर ते चालतं. चेन गेजवर ०.५ टक्के ताणली असेल तर नवी कॅसेट तिच्याखाली घालायची नाही, तिने नवे दातेही लवकर झिजतात. शेवटी बी-स्क्रू, म्हणजे डिरेलर कॅसेटपासून किती दूर राहील ते ठरवणारा स्क्रू: डिरेलरची वरची पुली (छोटं चाक) आणि ३४ चा स्प्रॉकेट यांत साधारण ६ मिमी. ती घासत असेल तर स्क्रू आत, लांब असेल तर बाहेर.

तुम्ही सरसकट सगळ्यांच्या गळ्यात ११-३४ मारत नाही, याचं आम्हाला विशेष वाटतं. त्या कॅसेटमध्ये ११ नंतर थेट १३, मग १५ येतो. सोलापूर रस्त्यावर घोळक्याने जाणाऱ्याला १२ आणि १४ नसल्याचं जाणवतं. अशांना तुम्ही ११-३२ सुचवता, त्यात ते दोन्ही आहेत, आणि ३४ वर ३२ म्हणजे १.०६, एकास एकपासून फार लांब नाही.

पुढे ५३/३९ दाते असणाऱ्यांचं दुखणं वेगळं. १३० बीसीडीच्या (चेनरिंगच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३० मिमी असलेल्या) क्रँकवर ३८ पेक्षा लहान रिंग बसतच नाही, त्यामुळे क्रँकच बदलावा लागतो. ५३ वरून ५० वर आल्यावर पुढचा डिरेलर सुमारे ६ मिमी खाली घ्यायचा, रिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी अंतर ठेवून. हे विसरलं की चेन वर चढायला कुरकुरते आणि दोष नव्या क्रँकला दिला जातो.

पावसाळा संपला की घाटात पुन्हा गर्दी होईल आणि तुमच्या स्टँडवर सायकलींची रांग लागेल. येताना आम्ही दाते मोजून, डिरेलरचा नंबर लिहून आणू.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
घाटवाले सायकलस्वार