खोलीनिहाय फिनिशच्या क्षेत्रफळाची चुकीची नोंद व तांत्रिक साहाय्य विभागाचे वर्तन याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

महोदय,

आपल्या तांत्रिक साहाय्य विभागाने काल दुपारी आपल्या सॉफ्टवेअरमधील या चुकीच्या नोंदीबद्दलची आमची तक्रार "वापरकर्त्याच्या प्रशिक्षणाचा प्रश्न" असा शेरा मारून बंद केली. हा शेरा आम्हाला मान्य नाही, आणि खालच्या पातळीवर पुन्हा बोलण्याची आमची तयारी उरलेली नाही, म्हणून हे पत्र थेट आपणांस लिहीत आहे.

विषय नाशिक येथील आमच्या ७ मजली, २८ सदनिकांच्या इमारतीचा आहे. हिचे संपूर्ण त्रिमितीय मॉडेल आम्ही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये केले, कारण प्रत्येक खोलीतील प्रत्येक पृष्ठभागावर कोणते फिनिश (गिलावा, टाइल किंवा रंग) आहे आणि त्याचे क्षेत्रफळ किती, याची नोंद मॉडेलमधूनच मिळेल, तीही भारतीय मोजमाप पद्धतीप्रमाणे, असे आपल्या विक्री प्रतिनिधींनी प्रात्यक्षिकात सांगितले होते. प्रत्यक्षात खोलीच्या गुणधर्मांतील "वॉल फिनिश" या रकान्यात आम्ही जे लिहितो, त्याचा त्या खोलीच्या भिंतींच्या पृष्ठभागाशी काडीचाही संबंध नसतो. तो नुसता मजकूर आहे. क्षेत्रफळ भिंतीच्या मटेरियल टेकऑफमधून (साहित्याच्या आपोआप निघणाऱ्या मोजणीतून) येते, भिंत दोन खोल्यांत सामाईक असते, आणि तिची कोणती बाजू कोणत्या खोलीची हे आपले शेड्यूल (मॉडेलमधून निघणारा मोजमापाचा तक्ता) सांगत नाही.

आता वजावटीचे पाहा. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाच्या भाग १२ नुसार ०.५ चौ.मी.पेक्षा मोठ्या आणि ३ चौ.मी.पर्यंतच्या उघाडीला (दार-खिडकीच्या मोकळ्या जागेला), भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच गिलावा असेल तर, फक्त एका बाजूची वजावट करायची असते. दुसऱ्या बाजूची न केलेली वजावट हाच जॅम (उघाडीच्या आतल्या उभ्या बाजू) आणि सोफिटच्या (तिच्या वरच्या आतल्या बाजूच्या) कामाचा मोबदला असतो. आमच्या प्रत्येक सदनिकेत ०.९ मी. × २.१ मी. मापाचे असे ३ आतले दरवाजे आहेत. आपले सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी १.८९ चौ.मी. वजा करते आणि जॅमही धरत नाही. अशा ८४ दरवाज्यांमागे १५८.७६ चौ.मी., म्हणजे सुमारे १७ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० चौ.फूट) गिलावा हिशेबातून नाहीसा होतो. हॉलच्या २.४ मी. × २.१ मी. स्लाइडिंग दरवाज्याची उघाडी ३ चौ.मी.हून मोठी असल्याने तेथे दोन्ही बाजू वजा होऊन जॅम व सोफिट वेगळे मोजले गेले पाहिजेत. आपल्याकडे त्या पट्ट्या कोणत्याच खोलीच्या खात्यात येत नाहीत. गिलाव्याचे काम ब्रासवर घेणाऱ्या गवंड्यांच्या टोळीची मजुरी याच आकड्यांवरून निघते. त्यांनी केलेले काम आमच्या बिलात कमी दिसले तर त्याचे उत्तर साइटवर आम्हाला द्यावे लागते, आपल्याला नाही.

याहून गंभीर दोष पुढचा आहे. टॉयलेटच्या भिंतींवर २.१ मी. उंचीपर्यंत डॅडो (भिंतीच्या खालच्या भागाला टाइल) आहे, म्हणून आम्ही भिंतीचा पृष्ठभाग त्या उंचीवर विभागून खालच्या भागाला टाइल आणि वरच्या भागाला रंग दिला. पुढे प्लंबिंग सल्लागारांच्या सूचनेवरून शाफ्टकडची (पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीकडची) भिंत १५० मि.मी. सरकवली. भिंत सरकताच तिच्यावरची विभागणी पुसली गेली आणि तो संपूर्ण पृष्ठभाग मूळच्या साध्या गिलाव्यावर गेला. कोणताही इशारा आला नाही, शेड्यूलमध्ये खूण उमटली नाही, एकूण आकडा मात्र गुपचूप बदलला. त्या एका भिंतीची लांबी २.१ मी. आहे; म्हणजे एका टॉयलेटमागे ४.४१ चौ.मी. आणि २८ सदनिकांत १२३.४८ चौ.मी. टाइल गायब. टाइलचे दरपत्रक मागवताना जुन्या शेड्यूलचा कागद शेजारी होता म्हणून हा फरक आमच्या लक्षात आला. तो नसता तर हाच आकडा बीओक्यूमध्ये (कामाच्या परिमाण-पत्रकात) गेला असता.

आता कालच्या संभाषणाविषयी. आपल्या प्रतिनिधींनी सुरुवातीलाच सांगितले, "मॅडम, क्षेत्रफळ थोडंफार इकडेतिकडे होणारच, ५ टक्के वाढवून धरा." कोणत्या बाबीवर ५ टक्के, गिलाव्यावर, टाइलवर की रंगावर, असे मी विचारले. त्यावर "एक्सेलमध्ये काढून दुरुस्त करा, सगळे तसंच करतात," असे उत्तर मिळाले. आम्ही पाठवलेली फाइल समोर उघडी आहे का, हे मी विचारले. फाइल मोठी असल्याने अजून उघडलेली नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दोष आमच्या प्रशिक्षणात आहे हा निष्कर्ष फाइल न उघडताच निघाला होता. वजावटीचा मुद्दा काढल्यावर ते म्हणाले, "ही तुमच्या ऑफिसची पद्धत असेल." मी आयएस १२०० चा उल्लेख केला, तर ते कोणत्या प्लग-इनचे नाव आहे, असे त्यांनी विचारले. मी शांतपणे समजावून सांगू लागले, तेव्हा मला मध्येच थांबवून ते म्हणाले, "तुमच्याकडे कोणी इंजिनिअर असतील तर त्यांना फोन द्या ना, म्हणजे लवकर होईल." मी स्वतः स्थापत्य अभियंता आहे आणि या कार्यालयातील मोजमाप व अंदाजपत्रकाची जबाबदारी माझ्याकडे आहे, असे मी सांगितले. यावर क्षमा नाही, उत्तर नाही. फोन होल्डवर गेला आणि कट झाला. थोड्या वेळाने तक्रार बंद झाल्याचा ईमेल आला, आणि त्यात सेवेला ताऱ्यांमध्ये गुण देण्याची विनंती होती. पैसे देणाऱ्या ग्राहकाशी, आणि त्यातही आपल्या विषयात काम करणाऱ्या बाईशी, असे बोलण्याची मुभा आपल्या विभागात आहे का, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

प्रत्येक मोजमापाच्या दर्जाची हमी आपण घ्यावी, अशी आमची मागणी नाही. फिनिश हे खोलीच्या पृष्ठभागाचे असावे, भिंतीचे नव्हे. वजावटीची मर्यादा आणि पद्धत आम्हाला ठरवता यावी. आणि मॉडेलमधल्या बदलाने एखाद्या पृष्ठभागाचे फिनिश पुसले जात असेल तर ते आम्हाला तत्काळ दिसावे. इतक्या मोठ्या उत्पादनात हे अशक्य आहे असे आम्ही मानत नाही. कागदावरच्या नकाशांवरून मोजमाप घेणे सोडून आम्ही आपल्याकडे वळलो ते एकाच विश्वासाने, की येथे नकाशा आणि आकडा एकमेकांपासून तुटणार नाहीत. आज आमच्या कार्यालयात आपल्या शेड्यूलमधला प्रत्येक आकडा पुन्हा हाताने तपासला जातो, आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर घेण्याचा आग्रह धरला त्यांत मी पहिली होते, याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या वार्षिक वर्गणीच्या नूतनीकरणाची तारीख या महिनाअखेरची आहे. तोपर्यंत आपल्या उत्पादन विभागातील जबाबदार अभियंत्याने आमची फाइल प्रत्यक्ष उघडून (ती अद्याप उघडलेली नाही, हे पुन्हा नमूद करते) वरील तिन्ही दोषांवर लेखी खुलासा द्यावा, तक्रारीवरील "प्रशिक्षणाचा प्रश्न" हा शेरा काढावा आणि कालच्या वर्तनाबद्दल क्षमापत्र पाठवावे. तसे न झाल्यास आम्ही नूतनीकरण करणार नाही, प्रात्यक्षिकात दिलेले आश्वासन पाळले न गेल्याने भरलेल्या रकमेच्या परताव्यासाठी वकिलामार्फत नोटीस पाठवू, आणि शहरातील जी कार्यालये आमचा अभिप्राय विचारतात त्यांना हेच पत्र वाचायला देऊ. दोन्ही वेळची शेड्यूले व मॉडेलची फाइल सोबत पुन्हा जोडली आहे.

आपली,
(सही)
प्रमुख, मोजमाप व अंदाजपत्रक विभाग
वास्तुरचना कार्यालय, नाशिक