एक फुटाच्या बाहुलीला मोठं सभागृह नको, एक खोली द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सांगलीत गावभागात राहते. घरात सासूबाई, मिस्टर, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. यंदा आमच्याकडच्या एका कला महोत्सवात आम्ही घरच्या पाच जणांनी मिळून बाहुल्यांचा खेळ केला, आणि त्यातून जे कळलं ते महोत्सव भरवणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. बाहुल्यांचा खेळ मोठ्या सभागृहात ठेवू नका. त्याला एक खोली द्या, चाळीस-पन्नास पोरं सतरंजीवर मांडी घालून बसतील एवढी, अंधार करता येईल अशी, आणि वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचची. मागणं एवढंच आहे, पण ते का ते नीट सांगते, जरा लांबेल.

सुरुवात मुलाच्या प्रश्नानं झाली. २०१९ च्या महापुरात तो अगदी लहान होता, त्याला त्यातलं काही आठवत नाही, पण पावसाळा आला की घरात तो विषय निघतोच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आमचा तळमजला अख्खा पाण्यात, सासूबाईंना होडीतून काढलेलं. हे सगळं ऐकत बसला होता आणि मधेच म्हणाला, मग तेव्हा मगरी कुठं गेल्या होत्या? आता कृष्णेत मगरी आहेत हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहितीय, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, पूर आला की त्याही वाट चुकतात. पण त्यांचं पूर आल्यावर काय होत असेल हा विचार आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता. मग मुलीनं लायब्ररीतनं पुस्तक आणलं आणि त्यात जे सापडलं त्याच्यावरच आमचा खेळ उभा राहिला. मगर मादी नदीकाठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात, पिल्लू असतं जेमतेम एक फुटाचं, आणि आई त्याला चक्क आपल्या जबड्यात धरून पाण्यात घेऊन जाते. त्या जबड्यात, ज्याला आपण सगळे घाबरतो!

गोष्ट अशी बसवली की पुरात वाहत आलेलं पिल्लू एका आजीच्या जिन्यात अडकतं, आजी माडीवर अडकलेली, दोघांनाही खाली जाता येत नाही, मग आधी भीती, मग भांडण, मग गप्पा. नावाडी आजीला न्यायला येतो पण आजी म्हणते या लेकराची आई आल्याशिवाय मी हलणार नाही. शेवटी मगर येते, जबडा उघडते, पिल्लू आत दिसेनासं होतं आणि सगळ्यांना वाटतं खाल्लं की काय. मग मगर हळूच वळते आणि दातांच्या मधून पिल्लू आजीकडं बघतं. बस, एवढीच गोष्ट. आजीचे संवाद निम्मे सासूबाईंनी स्वतः घातलेत, पुराच्या रात्री माडीवर बसून त्या खरंच जे बोलत होत्या तेच. देवघरातली समई वर आणायची राहिली म्हणून त्या रात्रभर हळहळत होत्या, ती समईसुद्धा खेळात आलीय.

बाहुल्या सगळ्या घरात केल्या. आजी म्हणजे हातमोजा बाहुली, पहिलं बोट डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. डोकं कागदाच्या लगद्याचं. सासूबाई माहेरी लगद्याच्या टोपल्या करायच्या, त्यामुळं रद्दी किती दिवस भिजवायची, कुटायची कशी, त्यात मेथीची पूड घातली की लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही हे त्यांना सगळं हातानं माहिती. आजीचं लुगडं त्यांच्याच जुन्या इरकलीचं. मगरीसाठी मात्र मिस्टर मिरजेला गेले, सतारमेकरांच्या गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते वाचलं असेल सगळ्यांनी, त्याचे भोपळे सोलापूर जिल्ह्यातनं येतात, वाळवलेले, लाकडासारखे टणक. त्यातला एखादा तडकला की वाद्याच्या कामाचा राहत नाही. असे दोन तडकलेले भोपळे एका कारागिरांनी पैसे न घेता दिले, वर आधी पाण्यात भिजवा मग कापा नाहीतर फुटेल हेही सांगितलं. पाठीवरचे खवले त्या भोपळ्याच्या तुकड्यांचे, जबडाही त्याचाच, दोन तुकडे कापडाच्या पट्टीनं मागं जोडलेले. तो जबडा मिटला की जो टक् आवाज येतो ना, तो कुठल्या पुठ्ठ्याचा येणार नाही. रंगावरनं घरात वाद झाला, मला हिरवा द्यायचा होता, मुलगा म्हणाला मगर हिरवी नसतेच, काठावरच्या चिखलाच्या रंगाची असते, आणि त्याचंच बरोबर होतं.

मग हातांचा हिशेब. पाच माणसं म्हणजे दहा हात. मगरीला मिस्टरांचे दोन्ही. सासूबाईंच्या एका हातात आजी, दुसऱ्यात निळ्या साडीचं एक टोक, कारण ती साडी म्हणजे पुराचं पाणी. मुलाच्या एका हातात काठीवरचं पिल्लू आणि दुसऱ्यात साडीचं दुसरं टोक. माझ्या एका हातात नावाडी, दुसऱ्यात टॉर्च. मुलीचे दोन्ही हात ढोलकीवर. झाले दहा. स्क्रिप्टमध्ये एक कुत्रा होता तो हात उरला नाही म्हणून काढावा लागला, मुलगा दोन दिवस बोलला नाही आमच्याशी. उंचीचंही तसंच, मिस्टर पावणेसहा फूट, मुलगा चार फूट, मग पडद्याच्या वर सगळ्यांच्या बाहुल्या एका पातळीत कशा याव्यात? शेवटी असं ठरवलं की सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या स्टुलावर बसणार, तर त्यांचा हात जिथं येईल तीच पडद्याची उंची. मग मिस्टर जमिनीवर मांडी घालून, मी गुडघ्यावर, मुलगा दोन पाटांवर. घरात कुणाच्या तरी सोयीनं बाकीचे जुळवून घेतात तसंच.

दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की तासभर तालीम. सुरुवातीला आम्ही सगळेच बाहुलीला प्रत्येक शब्दाला गदागदा हलवायचो, मोबाईलवर शूट करून बघितलं तर कोण बोलतंय तेच कळेना. सासूबाईंना आधी जमलं. त्या बाहुलीला नुसती मान वळवायला लावायच्या आणि थांबायच्या. मग कळलं की बोलणारी बाहुली हलते आणि ऐकणारी गप्प राहून बोलणारीकडं बघते, तेव्हाच ती ऐकतेय असं वाटतं. पोरं खाली बसणार म्हणून बाहुलीची नजरही थोडी खाली हवी, सरळ धरली तर ती पोरांच्या डोक्यावरनं भिंतीकडं बघते. एकाहत्तर वर्षांच्या बाईला आणि आठ वर्षांच्या पोराला एकाच दर्जाचं काम मिळेल असं दुसरं काय आहे सांगा, नाटकात लहान मुलाचं काम, म्हाताऱ्या बाईचं काम असं असतं, इथं पडद्यामागं वय दिसतच नाही. सासूबाई आयुष्यात कधी चार माणसांपुढं बोलल्या नव्हत्या.

महोत्सवाच्या फॉर्मवर एकांकिका, नृत्य, गायन, वादन असे रकाने होते. बाहुल्यांना रकाना नव्हता, आम्ही 'इतर' वर खूण केली. वेळ वीस मिनिटांची मिळाली. स्वयंसेवक पोरं फार चांगली वागली, धावपळ करत होती, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट नाही. पण सभागृह सात-आठशे खुर्च्यांचं. आमच्या आधी सत्कार लांबले, साडेसातचा खेळ पावणेदहाला लागला, तोवर ज्यांच्यासाठी तो होता ती पोरं आयांच्या खांद्यावर झोपलेली, आणि आम्हाला सांगितलं बारा मिनिटांत आटपा. पडद्यापुढं स्टँडवर एक माईक, आवाज येतो बाजूच्या स्पीकरमधनं, बाहुली मधे, म्हणजे बोलणं एकीकडं आणि बोलणारी दुसरीकडं. समोरनं सगळे दिवे एकदम लावलेले, त्यात आमचा टॉर्च कुठला दिसायला. आणि पिल्लू! खरं मगरीचं पिल्लू जेवढं असतं तेवढंच आम्ही मुद्दाम केलं होतं, एक फुटाचं, ते सहाव्या रांगेनंतर कुणाला दिसलंच नाही. मगरीनं जबडा उघडला, पिल्लू आत गेलं, वळून बघितलं, आणि सभागृहात कुणालाच काही कळलं नाही. टाळ्या वाजल्या, लोक चांगले असतात. पण मुलगा स्टेजच्या मागं येऊन विचारायला लागला, आई, त्यांना पिल्लू दिसलं का? मला खोटं बोलवेना.

पुढच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या तालमीच्या खोलीत तोच खेळ केला. खिडक्यांना चादरी लावल्या, माईक नाही, एक टॉर्च, पोरं पंचेचाळीसेक, पहिली रांग पडद्यापासून चार फुटांवर. पिल्लू जिन्यात आलं आणि आजीला दिसत नव्हतं तेव्हा अख्खी खोली ओरडत होती, आज्जे मागं बघ, मागं बघ! सासूबाईंनी ते ऐकून बाहुली मुद्दाम उलटीकडं वळवली, हे तालमीत कधीच ठरलं नव्हतं, मग तर पोरं उभी राहिली. आणि जबडा टक् करून मिटला तेव्हा जी शांतता झाली ती मी अजून विसरले नाही. एक चार-पाच वर्षांची मुलगी रडायच्या बेतात होती, मग पिल्लू दातांमधनं बाहेर बघायला लागलं आणि ती आईला म्हणाली, ती त्याला घरी नेतीये. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. खेळ तोच, माणसं तीच, बाहुल्या त्याच. फक्त खोली वेगळी.

आता हे मी सांगलीत बसून लिहितेय याचं मला जास्त वाटतं. आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो ते विष्णुदास भाव्यांमुळं. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं १८४३ मध्ये त्यांनी 'सीतास्वयंवर' केलं हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला आपण ते आठवतो. पण याच भाव्यांनी लाकडाच्या बाहुल्याही केल्या होत्या, रामायणातली पात्रं, हे किती जणांना माहितीय? माझ्या मुलीच्या वर्गात एकालाही नव्हतं. त्या बाहुल्या पुढं रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. आणि पाध्यांचं तरी काय, वडील यशवंत पाध्ये, मग रामदास आणि अपर्णा पाध्ये, मग त्यांची मुलं, घरच बाहुल्यांचं. तिकडं कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातली कुटुंबं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतायत, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. म्हणजे बाहुल्या हा मुळात घरच्यांनी मिळून करायचा खेळ आहे, आणि तो बघायचाही जवळ बसून. चित्रकथी बघायला माणसं मैलभर लांब बसत नाहीत.

काही जण मला म्हणाले मग मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं, कॅमेरा लावायचा. मला ते पटत नाही. स्क्रीनवर पोरं रोजच बघतात, आणि स्क्रीनवरच्या आजीला मागं बघ म्हणून ओरडलं तर ती वळत नाही.

म्हणून सांगली-मिरजेत, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर)-विट्यात जे कुणी महोत्सव भरवतात त्यांना विनंती की फॉर्मवर बाहुलीनाट्याचा एक रकाना ठेवा, मुख्य स्टेजच्या वेळापत्रकात त्याला कुठंतरी कोंबू नका, त्याच आवारातली एखादी वर्गखोली, तालमीची जागा, ग्रंथालयाचा हॉल द्या आणि एकच खेळ तीनदा लावा, म्हणजे पन्नास-पन्नास करत दीडशे पोरं बघतील, तेही अगदी जवळनं. वेळ पोरांच्या झोपेच्या आधीची. घरच्यांनी मिळून केलेल्या खेळाला वयाचा गट विचारू नका, आम्हाला फॉर्मवर बालगट की खुला गट असं विचारलं होतं, आठ आणि एकाहत्तर एकाच गटात कसे लिहायचे तेच कळेना. यंदाच्या ५ नोव्हेंबरला जमलं नाही तरी २१ मार्चला जागतिक बाहुली दिन असतो, तोवर बराच वेळ आहे.

पडदा, टॉर्च, सतरंज्या आमच्या आम्ही आणतो. मगर आत्ता माळ्यावर आहे, तिच्या जबड्याची कापडी पट्टी सैल झालीय ती या आठवड्यात शिवून घेते.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली