ताडपत्रीखाली गंजणारी यंत्रे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गवत कापायची यंत्रे, ब्रशकटर, पॉवर वीडर दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. इंजिन ठणठणीत आणि पत्रा मात्र चाळण झालेला, अशी यंत्रे सतत येतात. 'पावसात एकदाही भिजू दिलं नाही हो,' हे वाक्य ठरलेले. ते खरेही असते. पण पावसाशिवाय लागणारी ओल कुणी मोजत नाही.

यंत्राखालचा पत्रा बघा. ओल्या गवताचा थर तिथे चिकटून राहतो, लवकर वाळत नाही. उडालेल्या खड्यांनी रंगाचे टवके आधीच गेलेले असतात. तिथून शिरलेला गंज रंगाच्या आतून सरकतो आणि वरचा रंग फुगेपर्यंत पत्ता लागत नाही. खतावरून फिरलेले यंत्र त्याहून लवकर जाते; खतातले क्षार ओल धरून ठेवतात.

काम संपले की स्पार्क प्लगची वायर काढावी (त्याआधी खाली हात घालूच नये) आणि लाकडी पट्टीने गवत खरवडावे. लोखंडी पट्टीने रंगही निघतो. धुवायचेच तर इंजिन गार झाल्यावर, साध्या पाण्याने. प्रेशर वॉशरची हौस बेअरिंगच्या मुळावर येते. धुऊन झाल्यावर वायर जोडून यंत्र थोडा वेळ चालवावे, म्हणजे सांधीकोपऱ्यांतले पाणी सुकते.

टवका गेला असेल तर पत्रा उघडा पडेपर्यंत पॉलिश पेपर मारावा, थिनरने पुसावे, मग प्रायमर आणि रंगाचे दोन पातळ हात. गंजावरच रंग फासला की तो फक्त दिसेनासा होतो. पाते व उघडे शाफ्ट यांना पातळ तेलाचा स्प्रे फार दिवस पुरत नाही. यंत्र महिनोन्महिने पडून राहणार असेल तर ग्रीसच लावावे. बेल्ट आणि क्लच मात्र तेलापासून लांब. मोटारीचे वॅक्स अधूनमधून चोळले तर उन्हाने रंग लवकर पांढुरका पडत नाही.

आणि ती ताडपत्री! जमिनीची ओल तिच्याखाली कोंडते, रात्री गारठा पडला की आतून थेंब धरतात. यंत्र फळ्यांवर ठेवून हवा खेळेल असे कापड टाकलेले कितीतरी बरे.

कंपन्यांना एक विनंती. खोक्यात पाने-पक्कड देता, तशी यंत्राला दिलेल्या रंगाची एक छोटी बाटली आणि ब्रशही द्या.

आपला,
एक यंत्रदुरुस्ती कारागीर