मंत्रिमहोदय, संगणक प्रयोगशाळा विद्यार्थ्यांची की भाडेकरूंची?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

परवा तिसऱ्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या पोरांना घेऊन आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत गेलो, तर दारात सुरक्षारक्षक उभा. कुठल्याशा भरतीच्या ऑनलाइन परीक्षेसाठी प्रयोगशाळा आठवडाभर भाड्याने दिलेली. "सर, नोटीस नाही का मिळाली?" नाही मिळाली. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या मास्तराला नोटीस कोण देतो? याच प्रयोगशाळेची फीत कापताना एक माननीय पाहुणे म्हणाले होते, हे संगणक सदैव विद्यार्थ्यांसाठी खुले राहतील. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या.

त्या दिवशी आम्ही काय करणार होतो, तेही ऐकून घ्या. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातून आलेली गुरुत्वाकर्षणाची लहर, टिपली. संकेत सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा आणि गोंगाटात पार बुडालेला. नुसता आलेख काढला तर काहीही दिसत नाही. त्यावर शिक्कामोर्तब करण्यासाठी संगणकाने गणिताने तयार केलेले लहरींचे जवळपास अडीच लाख नमुने वेधशाळांच्या नोंदींशी जुळवून पाहिले. हे काम माणसाच्या आवाक्यातलं नव्हे. आणि या जुळवणीच्या पद्धतीची पायाभरणी करणाऱ्यांत आपल्या गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे संजीव धुरंधर आहेत! त्या नोंदी आज सगळ्यांना फुकट मिळतात. पायथन या संगणकभाषेच्या थोड्याफार ओळी लिहिल्या की बी.एस्सी.चं पोरही तो संकेत स्वतः शोधू शकतं.

मी पोरांना रीत सांगितलीच नव्हती. गोंगाट आधी कुठला काढायचा यावर आदल्या तासाला वर्गात जुंपली होती. एक मुलगी म्हणे, विजेची गुणगुण आधी काढा, आणि ५० नाही, ६० हर्ट्झची, कारण वीज अमेरिकेतली आहे. दुसरा म्हणे, त्याआधी जमिनीची थरथर. एवढ्या वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता. बाहेरून जाणाऱ्या वरिष्ठांनी दार उघडून विचारलं, "तास चालू आहे की बाजार?"

साहेब, २०१४ साली अमेरिकेत २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांत नुसती व्याख्यानं झोडली तर ३४ टक्के नापास, पोरांना वर्गात काही करायला लावलं तर २२ टक्के. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच आहे, अनुभवाधारित का काय ते. आमच्याकडे त्याचा अर्थ जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही. प्रोग्राम हाताने उतरवायचा, आउटपुटही हातानेच, आणि प्रात्यक्षिकाला एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, विचारणार की अनुक्रमणिकेवर सही का नाही. पुण्यात १९९१ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा महासंगणक बनवला, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ पासून परम ब्रह्म हा महासंगणक आहे, आणि त्याच गावातली माझी पोरं प्रोग्राममधला फॉर लूप निळ्या शाईने लिहितात.

आता माझं. नेट झालं, पीएच.डी. झाली, चाळिशी उलटली. सकाळी एक महाविद्यालय, दुपारी दुसरं, मधे विद्यापीठ चौकातला धूर. मानधन महिनोन्‌महिने येत नाही आणि उन्हाळ्यात तर मी नोकरीतच नसतो. बँक गृहकर्जाचा अर्ज बघून हसते. मुलीने परवा विचारलं, "बाबा, तुम्ही खरे प्रोफेसर आहात का?" यावर जी.आर. निघाला असेल तर पाठवा, तिला दाखवतो. जागा भरत नाही, भरल्या तर मुलाखतीच्या आधीच ठरलेल्या असतात हे शेंबडं पोरही सांगेल. कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा म्हटल्याला साठ वर्षं होत आली. तेवढ्यात किती सरकारं आली नि गेली. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची म्हटली की मात्र भिंतींना रंग लागतो, कुलूप निघतं, आणि संगणकांसमोर पोरं बसवून फोटो काढले जातात. भाडं कुठल्या खात्यात जातं ते विचारलं, तर पुढच्या सत्रात तास मिळतील का याची काळजी करा, असं प्रेमाने सांगण्यात आलं.

विद्यार्थी प्रयोगशाळेचं शुल्क भरतात. तेव्हा शिकवण्याच्या वेळात ती भाड्याने देण्यावर बंदी घाला. प्रात्यक्षिकाचे गुण जर्नलच्या सहीवर न देता, यंत्रासमोर बसून केलेल्या कामावर द्या. तिसरी मागणी रिकाम्या पदांची आहे, पण ती तुम्हाला तोंडपाठ असेल.

उत्तर म्हणून "आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे" एवढंच येणार असेल, तर कृपया पाठवू नका. पुढे म्हणजे ते आमच्याच प्राचार्यांच्या टेबलावर येतं.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक अध्यापक (या सत्रापुरता), पुणे